आठ महिने मेटल डिटेक्टर: शिवराई एक, टोपणं पोतंभर

दिवाळीत मशीन घेतलं, आता पाऊस लागला म्हणून माळ्यावर टाकलं. मधले आठ महिने आमच्याच पंचगंगेकाठच्या रानात फिरवलं. कंपनीचं नाव घेत नाही, तक्रारी आहेत.

जाहिरातीत 'नाणं बारा इंचांवर' असं होतं. आमच्या काळ्या रानात सहा इंच मिळाले तरी लई झालं. ही माती बेसाल्टची, तिच्यात लोहकण भरपूर. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या लोहकणांकडं दुर्लक्ष करायला मशीनला शिकवणं, ते न करता चालू केलं की मशीन नुसतं कोकलतं. कॉइल (खालची गोल तबकडी) वर-खाली हलवून बॅलन्स करायचा, सेन्सिटिव्हिटी दोन घरं उतरवायची, मग गप्प बसतं. पन्हाळ्याकडं पाहुण्यांच्या जांभ्या रानात तर मी हात टेकले.

पहिले दोन महिने बाटल्यांची टोपणं, गुटख्याच्या पुड्या, मोटारीच्या केबलचे तुकडे. त्यात २०१९ आणि २०२१ च्या पुरानं गाळ आणून टाकलेला, जुनी जमीन त्याच्याखाली. म्हणून खोडवा निघून खोल नांगरट झाली त्याच आठवड्यात फिरलो. बांधाच्या आंब्याजवळ मशीनच्या पडद्यावरचा, धातू ओळखायचा आकडा स्थिर लागला, उलटसुलट फिरवूनही तोच. लोखंडावर आकडा उड्या मारतो, हा हलेना. ढेकूळ फोडलं तर हिरवी पडलेली जाड चकती.

आई चिंच घेऊनच आली, तांब्याच्या घागरीसारखं घासायला. अडवलं. घासलं की वरचा थर जातो आणि अक्षरंही. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात दोन दिवस ठेवल्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडं 'छत्र', 'पति'चा निम्मा भाग कडेबाहेर. शिवराई, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं! पण शिवराई पेशवाईतही पाडली जायची, त्यामुळं लगेच 'शिवकालीन' म्हणून स्टेटस टाकू नका.

आता महत्त्वाचं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. मी अर्ज दिला. तिथले साहेब म्हणाले, "एवढंच? हंडा कुठाय?" गावात तर अजून मी गुप्तधनाच्या मागं आहे अशीच चर्चा आहे. चुलत्यांनी एकदा रात्री बॅटरी घेऊन माझे खड्डे मोजले!

पन्हाळ्यासारख्या संरक्षित जागी मशीन न्यायचंच नाही. कोल्हापुरातली ब्रह्मपुरीची टेकडीही सोडा. १९४५-४६ च्या उत्खननानं ती साऱ्या देशाला माहीत झाली, तिथला थर न् थर अभ्यासाचा आहे. कोल्हापूरच्या प्राचीन 'कुर' राजांची धनुष्यबाण असलेली शिशाची नाणी बघायची माझी हौस मी चित्रांवर भागवतो.

घ्यावं का? स्वतःचं रान आणि चिवटपणा असेल तर घ्या, पिनपॉइंटरचे (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारी हातातली छोटी काठी) पैसे वेगळे धरा. हेडफोनची पिन मार्चमध्येच सैल झाली. कॉइलचं कव्हर तडकलंय, कंपनी दोन महिने 'पाठवतो' म्हणतेय, तोवर वर खताच्या पोत्याचा तुकडा बांधलाय.