ईलॅन: इंटरप्रिटिंगच्या प्रबंधासाठी काही महिने वापरल्यानंतर

अनुवाद आणि इंटरप्रिटिंगच्या (म्हणजे दुभाष्याच्या तोंडी भाषांतराच्या) पदव्युत्तर अभ्यासात ‘संशोधन पद्धती’ हा विषय बहुतेकांना व्याख्यांमधूनच भेटतो. गुणात्मक, संख्यात्मक, मिश्र; गृहीतक, चल, नमुना. एवढं पाठ करून परीक्षा देता येते. पण दुभाष्याचं खरं ध्वनिमुद्रण समोर आलं की यातलं काय, कुठे आणि कसं लावायचं ते सुचत नाही. माझ्या बाबतीत ती दरी ईलॅन (ELAN) या सॉफ्टवेअरवर काम करताना भरत गेली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ईलॅन हे नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या माक्स प्लांक मानसभाषाविज्ञान संस्थेत तयार झालेलं सॉफ्टवेअर. मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. ऑडिओ किंवा व्हिडिओ उघडायचा, त्याखालच्या कालरेषेवर हवे तितके थर घ्यायचे (तिथे त्यांना ‘टियर’ म्हणतात) आणि आवाजाच्या नेमक्या तुकड्याला नोंद जोडायची. खुणांच्या भाषांच्या अभ्यासात ते खूप वापरलं जातं. आपल्या कामात एका थरावर मूळ वक्ता, त्याखाली दुभाषी. दोघांच्या फाइली वेगळ्या असल्या तर त्या एकमेकींशी जुळवण्याची सोय आहे. देवनागरीही नीट चालते. माझी निरीक्षणं मी मराठीतच एका वेगळ्या थरावर लिहिते.

सरावासाठी साहित्य शोधत बसावं लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वेब टीव्हीवर आणि युरोपियन संसदेच्या संकेतस्थळावर सभागृहातलं मूळ भाषण आणि दुभाष्यांच्या वाहिन्या दोन्ही ऐकायला मिळतात. मी फ्रेंचमधून इंग्रजीत होणारं काम घेतलं. तुकडे पाडायला सेगमेंटेशन मोड आहे: ऐकत जायचं आणि वाक्य सुरू झालं, संपलं की कळ दाबायची. मजकूर भरायला ट्रान्सक्रिप्शन मोड. दोन्ही लवकर हाताला बसतात.

खरं शिक्षण सुरू झालं ते ‘मागेपणा’ मोजताना. वक्ता बोलल्यापासून दुभाष्याच्या तोंडून तेच येईपर्यंतचं अंतर साधारण २ ते ४ सेकंद असतं, असं आपण वर्गात ऐकतो. कालरेषेवर ते मिलिसेकंदात दिसतं. आणि लगेच प्रश्न पडतो: मोजायचं कुठून? दुभाषी ‘वेल’ म्हणून सुरुवात करतो आणि मग थांबतो. ती सुरुवात धरायची, की पहिला आशयाचा शब्द? फ्रेंचमध्ये पुढे आलेली गोष्ट इंग्रजीत वाक्याच्या शेवटी गेली तर कोणत्या शब्दाची जोडी कोणत्या शब्दाशी लावायची? नियम ठरवून लिहून ठेवल्याशिवाय दुसरं भाषण मोजायला घेण्यात अर्थच नाही. ‘कार्यात्मक व्याख्या’, म्हणजे एखादी गोष्ट नेमकी कशी मोजायची ते सांगणारी व्याख्या, ही संकल्पना मला इथे समजली.

गाळलेल्या मजकुराच्या बाबतीत हे आणखी खोल जातं. संशोधक हेन्री बारिक यांनी १९७१ मध्ये दुभाष्यांकडून सुटणाऱ्या मजकुराचे चार प्रकार मांडले होते: एखादा सुटा शब्द वगळणं, न समजल्यामुळे सुटणं, मागे पडल्यामुळे सुटणं आणि दोन वाक्यांचे तुकडे एकत्र जोडताना गळणं. ईलॅनमध्ये अशी यादी आधीच भरून ठेवता येते. मग नोंद करताना त्या यादीतलाच पर्याय निवडायचा. ही शिस्त फार उपयोगी आहे. वक्ता ‘माननीय सदस्यहो, सहकाऱ्यांनो, मित्रांनो’ म्हणाला आणि दुभाषी फक्त ‘सहकाऱ्यांनो’ म्हणाला, तर हे गळणं की शहाणपणाने केलेला संक्षेप? यादीत ‘संक्षेप’ नसेल तर सगळा संक्षेप दोषांच्या खात्यात जमा होतो आणि दुभाष्यावर अन्याय होतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘न समजल्यामुळे’ आणि ‘मागे पडल्यामुळे’ ही कारणं आहेत, आणि कारण ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही. ऐकू येतं ते एवढंच, की अमुक तुकडा आला नाही. म्हणून मी दोन थर केले: एकावर फक्त जे ऐकू येतं ते, आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्यावर माझा अंदाज. निरीक्षण आणि अनुमान वेगळं ठेवा, हे वाक्य प्रत्येक शिक्षक सांगतो; पडद्यावर ते दोन ओळींत वेगळं दिसायला लागलं की त्याचं वजन कळतं. जेमिना नेपियर यांनी खुणांच्या भाषेच्या दुभाष्यांवर काम करताना त्यांनाच विचारलं होतं, आणि त्यातून जाणीवपूर्वक, विचार करून गाळलेल्या मजकुराचा वेगळा प्रकार समोर आला. बाहेरून केलेली नोंद आणि दुभाष्याची मुलाखत एकमेकींना का लागतात, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. मुलाखत घ्यायची तर काम संपल्यावर लगेच, तेच ध्वनिमुद्रण ऐकवत. भाषांतर करता करता मनातलं मोठ्याने बोलायला सांगण्याची रीत लेखी अनुवादाच्या संशोधनात आहे (त्यानेही अनुवादाचा वेग साधारण २५ टक्क्यांनी घटतो, असं याकोबसेन यांच्या प्रयोगात दिसलं होतं), पण इथे तर तोंड आधीच कामात असतं.

नोंदी झाल्या की त्यातला काही भाग दुसऱ्या कुणाकडून तरी स्वतंत्रपणे करून घ्या. हे टाळू नका. दोघांचं किती जुळलं हे तपासण्याची सोय ईलॅनमध्येच आहे. नुसती टक्केवारी फसवते: बहुतेक तुकड्यांत काहीच गळलेलं नसेल तर डोळे मिटून ‘काही नाही’ लिहिणाऱ्या दोघांचंही भरपूर जुळेल. योगायोगाने जुळणारा भाग वजा करायला कोहेन यांचा १९६० सालचा कप्पा (kappa) गुणांक लागतो. आकडा कमी आला तर माणसांकडे बोट दाखवण्याआधी व्याख्या पाहाव्यात.

मर्यादा थोडक्यात. ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढण्याचं बहुतेक काम हातानेच करावं लागतं आणि ते मन लावून करायचं तर दिवस जातात. मार्गदर्शकाला वेळापत्रक देण्याआधी छोटा तुकडा करून अंदाज घ्या. ध्वनिफीत नोंदींच्या फाइलमध्ये साठवलेली नसते, फक्त जोडलेली असते, त्यामुळे दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि एकत्रच हलवा. गंभीर संख्याशास्त्रासाठी नोंदी टॅबने विभागलेल्या मजकुरात बाहेर काढून स्प्रेडशीटमध्ये न्याव्या लागतात. आणि आवाजावरून माणूस ओळखू येतो, तेव्हा वर्गमित्रांचं ध्वनिमुद्रण करणार असाल तर लेखी संमती आधी.

लेखी अनुवादावर प्रबंध असणाऱ्यांना याचा फारसा उपयोग नाही. कळफलकावरची हालचाल टिपणारं ट्रान्सलॉग त्यांच्या जवळचं. इंटरप्रिटिंगवाल्यांनी मात्र विषय नक्की होण्याची वाट न पाहता पहिल्याच सत्रात पाच मिनिटांचं भाषण घेऊन बसावं: दोन थर, एक यादी आणि त्या यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे स्वतःच्या भाषेत लिहिलेली व्याख्या. वेग दर मिनिटाला १०० ते १२० शब्दांच्या आसपास असलेला वक्ता निवडा. कागदावरून भरधाव वाचणारा नंतर घ्या.