जुना दवाखाना घ्यायचा का रोडवरचा प्लॉट?

तुम्ही सहा-सात रिटायर मंडळी तालुक्यालाच एका घरात मिळून राहू म्हणता, सोबत दोन-चार तरुण जोडपी, त्यांची लेकरं अन कायमची एक नर्सबाई. कल्पना भारी आहे. पण सगळे एकच विचारून राहिले, गावातला बंद पडलेला दवाखाना दुरुस्त करायचा का हायवेकडच्या एनए (बिनशेती) प्लॉटवर नवीन बांधायचं? काल दोन्ही पाहून आलो, आयुष्य बांधकामातच गेलं माझं.

दवाखान्याच्या भिंती दीड-दोन फुटी, चुन्यातल्या, वर कौलं, छत उंच अन झरोके. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तेव्हा तिथं साध्या कूलरवर भागते, नवीन स्लॅबखाली मात्र रात्री आठलाही तव्यावर बसल्यासारखं वाटते. अन दरवाजे स्ट्रेचर जाईल असेच केलेले, म्हणजे व्हीलचेअरची चिंता नाही, ही गोष्ट काहून कोणी बोलत नाही कुणास ठाऊक. जोतं दीड फूट आहे, १:१२ उताराचा, म्हणजे फूटभर चढाला बारा फूट लांब, रॅम्प धरला तर १८ फूट लागते, अंगण मोठं आहे, होऊन जाईल.

आता खर्च कुठं लपला ते ऐका. सागवानी कैच्या, म्हणजे कौलं पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे, वाळवीनं खाल्ल्या का ते टोचून पाहा, मी तीन टोचल्या, एक भुसभुशीत निघाली. संडास मागे वीस पावलांवर, म्हातारा माणूस रात्री जाईल कसा, म्हणून खोलीखोलीला नवीन करावेच लागतील. ठेकेदार सिमेंटचं प्लास्टर मारतो म्हणाला तर हाकला त्याला, चुन्याच्या भिंतीतली ओल आत कोंडते अन मग पोपडे निघतात. मागच्या शेडवरचे जुने सिमेंट पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात, फोडायचे नाहीत, भिजवून अख्खे उतरवायचे.

प्लॉटचे कागद स्वच्छ, लोनही लवकर होईल. पण माती काळी, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, पाया मुरमापर्यंत नेला नाही किंवा अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल जाणारे, खाली फुगीर काँक्रीटचे खांब) घेतले नाही तर भिंती तडकल्याच समजा.

दवाखान्याची जागा ट्रस्टची. ती विकायची किंवा बिल्डिंग ३ वर्षांहून जास्त लीजवर द्यायची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ३६ लागते, धर्मादाय आयुक्तांची परवानगी हातात आल्याबिगर इसाराचा एक रुपयाही देऊ नका, विश्वस्त कितीही गोड बोलो.

राहिली तरुणांची गोष्ट. नेदरलँड्समध्ये डेव्हेंटरला ह्युमॅनिटास नावाच्या वृद्धाश्रमात विद्यार्थी बिनभाड्याचे राहतात अन महिन्याला ३० तास आजी-आजोबांसोबत घालवतात. आपल्याकडे रात्री दोनला १०८ लावून गेट उघडणारं कोणीतरी पाहिजे, अन लेकरंवालं जोडपं ३ किलोमीटर दूर शेताकडच्या त्या प्लॉटवर टिकणार नाही बाप्पा, त्याला शाळा लागते, बाजार लागते. दवाखाना बाजाराच्या मागेच, समोर झेडपीची शाळा.

म्हणून माझं मत दवाखान्याला. फक्त अर्ध्याहून जास्त कैच्या सडक्या निघाल्या तर प्लॉट घ्या, मग मी अडवणार नाही. पावसाच्या आधी परत वर चढावं लागेल, येताना कोणीतरी मोठी शिडी आणा, माझी काल दोन हात कमी पडली.