‘अ गिफ्टेड मॅन’ की ‘मंडे मॉर्निंग्ज’?

शल्यचिकित्सकावरची छोटी, एकाच सीझनमध्ये संपलेली मालिका पाहायची आहे आणि या दोन अमेरिकन नावांपाशी गाडी अडली असेल, तर आधी वेळेचा हिशोब. सीबीएस वाहिनीवरच्या ‘अ गिफ्टेड मॅन’चे (2011-12) 16 भाग आहेत, टीएनटी वाहिनीवरच्या ‘मंडे मॉर्निंग्ज’चे (2013) फक्त 10. दुसरी दोन सुट्ट्यांत सहज आटोपते.

नायक म्हणाल तर पहिलीत पॅट्रिक विल्सनचा मायकेल होल्ट, न्यूयॉर्कमधल्या श्रीमंतांचा न्यूरोसर्जन, म्हणजे मेंदूचा शल्यचिकित्सक. मृत घटस्फोटित पत्नी त्याला दिसू लागते आणि तिच्या गरिबांसाठीच्या दवाखान्याकडे ओढते. विल्सन आणि ही पत्नी साकारणारी जेनिफर एली यांचे संवाद मला फार आवडतात. पण भूत पटलं नाही तर मालिकाच पटणार नाही.

वैद्यकीय बाजूत मात्र ‘मंडे मॉर्निंग्ज’ सरस. तिचा आधार न्यूरोसर्जन संजय गुप्ता यांची कादंबरी. शस्त्रक्रियेत काय चुकलं, रुग्ण का दगावला, याचा जाब डॉक्टरांना सहकाऱ्यांसमोर द्यावा लागतो. अशा ‘मॉर्बिडिटी अँड मॉर्टॅलिटी’ (गुंतागुंत आणि मृत्यू) बैठका खऱ्या रुग्णालयांतही होतात. या बैठका घेणाऱ्या प्रमुखाच्या भूमिकेतला आल्फ्रेड मोलिना प्रश्न विचारू लागला की खोलीतली हवा बदलते. इथे एकच नायक नाही, त्यामुळे पात्रं ओळखीची व्हायला थोडा वेळ लागतो.

एकाच माणसाचं बदलणं, जुनं प्रेम, हळवेपणा हवा असेल तर ‘अ गिफ्टेड मॅन’ घ्या. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांनी, किंवा डॉक्टर चुकतात तेव्हा पुढे काय होतं हे जाणून घ्यायचं असणाऱ्यांनी, बिनदिक्कत ‘मंडे मॉर्निंग्ज’ लावावी.