साइडिंग धुवायला आला आणि भिंतीत पाणी भरून गेला

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एचओएचं, म्हणजे आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेचं पत्र आलं. उत्तरेकडच्या साइडिंगवर हिरवा थर चढलाय, तीस दिवसांत साफ करा, नाहीतर दंड. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. घर १९९६ चं, चारही बाजूंनी व्हायनिलचं साइडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतींवर बसवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या. गणपती तीन आठवड्यांवर आलेले, दीड दिवसांत साठ-सत्तर माणसं घरी येणार, साताऱ्याहून आई आलेली. त्या शनिवारी एक माणूस आपणहून दाराशी आला आणि म्हणाला, "मागच्या गल्लीत आमचं काम चालू आहे, तुमचं घर १४९ डॉलरमध्ये धुऊन देतो." मला अगदी हायसं वाटलं. हातातल्या पत्रकावर राज्याचा कॉन्ट्रॅक्टर नोंदणी क्रमांकही छापलेला होता.

मग त्याने दाराशेजारच्या, दक्षिणेकडच्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली पांढरी पूड मला दाखवली. म्हणाला, साइडिंग झिजून चाललंय. मागचा हिरवा थर म्हणजे मोल्ड, बुरशी, तो भिंतीतून आत शिरला की वयस्कर माणसांच्या छातीला त्रास होतो. हे बोलताना तो माझ्या मागे उभ्या असलेल्या आईकडे बघत होता. उपाय त्याच्याकडे तयारच होता: बुरशीनाशक फवारणी आणि वर दहा वर्षं टिकणारं सीलर, म्हणजे संरक्षक लेप. सगळं मिळून १,१८०. माणसं आत्ता मोकळी आहेत म्हणून आजच्या दिवसापुरता हा भाव, निम्मे पैसे आधी, तेही ‘झेल’ने, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सेवेने.

आई मराठीत म्हणाली, "अगं, एवढी घाई कशाला? घर काय पळून जातंय?" मी ऐकलं नाही. आईला इथल्या घरांतलं काय कळतंय, असं मनात आलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

तासाभरात दोघंजण आले. व्हॅनवर कसलंच नाव नव्हतं. पेट्रोलवर चालणारं मशीन सुरू केलं आणि जमिनीवर उभं राहून पाण्याचा झोत खालून वर, थेट पट्ट्यांच्या सांध्यांत मारायला लागले. हिरवळ भराभर निघत होती, त्यामुळे काम जोरात चाललंय असंच वाटलं. शेवटी एका टाकीतून दुधट पाणी फवारलं. ते म्हणे सीलर. दोन तासांत उरलेले पैसे घेऊन गेले. कागद एकही दिला नाही.

चार दिवसांनी माडीवरच्या उत्तरेकडच्या खोलीत, खिडकीखालचा ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचा आतला जिप्समचा पत्रा, फुगला. हात लावला तर मऊ. स्वयंपाकघरातल्या दुहेरी काचेच्या खिडकीत मधोमध धुकं साचलं, ते पुसता येत नाही, कारण ते काचांच्या आत आहे. दक्षिणेकडच्या भिंतीवर ऊन पडलं की फिकट-गडद पट्टे दिसायला लागले, वाघाच्या अंगावर असतात तसे. फोन केला तर नंबर बंद. पत्ता शोधला तर तिथे भाड्याने टपालपेट्या देणारं दुकान. नोंदणी क्रमांक राज्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, तो दुसऱ्याच कोणाचा निघाला. हे पाहायला मला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं मी त्या शनिवारी दारातच काढायला हवी होती.

पुढे ओळखीतून, पंचवीस वर्षं हेच काम करणारे एक गृहस्थ येऊन बघून गेले. त्यांनी एका छोट्या आकड्याने साइडिंगची एक पट्टी अलगद सोडवली आणि मला आतली बाजू दाखवली. व्हायनिलच्या पट्ट्या भिंतीला घट्ट ठोकलेल्या नसतात, टांगलेल्या असतात. खिळा लांबट खाचेत, थोडा सैल मारतात, कारण उन्हाळ्यात पट्टी लांबते आणि थंडीत आखडते. पट्टीच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, आत गेलेलं थोडं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून. म्हणजे साइडिंग पाऊस वरून ओघळून जाण्यासाठी बसवलेलं असतं. खालून वर जोराचा झोत मारला की पाणी सांध्यातून मागे जातं, आतल्या पातळ आवरणाच्या फटींतून लाकडी फळ्यांपर्यंत पोचतं आणि तिथेच मुरतं. आमच्या फळ्या हात लावला तर थंडगार, ओल्या लागत होत्या.

पांढऱ्या पुडीचंही त्यांनीच सांगितलं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन व्हायनिलचा वरचा थर खडूसारखा होतो. जुन्या घरांत हे होतच असतं, त्याने भिंत पडत नाही. पण त्यावर जोराचा झोत मारला तर पूड जिथे झोत लागला तिथेच निघते, म्हणून पट्टे पडतात. आणि सीलर? व्हायनिलचा रंग पट्टीच्या अंगातच मिसळलेला असतो, त्याला सीलर लागतच नाही. हजार डॉलरहून जास्त पैसे मी ज्या गोष्टीला दिले, तिची गरजच नव्हती.

हिरवा थर हे शेवाळ. आपल्याकडे पावसाळ्यात परसदारच्या भिंतीवर येतं तसंच. उत्तरेला ऊन कमी, ओल जास्त, म्हणून तिथे धरतं. ते काढायला जोर लागत नाही, औषध लागतं: सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच, पाण्यात पातळ करून थोड्या साबणासह. भिंतीवर सुमारे एक टक्का पुरतं. आधी झाडं पाण्याने भिजवायची, बाहेरचे विजेचे सॉकेट झाकायचे, साबण खालून वर लावायचा, पाच-दहा मिनिटं ठेवायचा पण वाळू द्यायचा नाही, आणि कमी दाबाने वरून खाली धुवायचं. यालाच इथे सॉफ्ट वॉश म्हणतात. येणाऱ्या माणसाला एवढंच विचारा की तो कोणता नोझल, म्हणजे मशीनच्या टोकाची तोटी, वापरणार. अंश जितके कमी, तितका झोत अरुंद आणि जोराचा: लाल नोझलचा झोत शून्य अंशाचा, पिवळ्याचा पंधरा. हे दोन व्हायनिलजवळ आणूच देऊ नका. पांढरा चाळीस अंशांचा, काळा साबणासाठी. नीट काम करणारा माणूस या प्रश्नावर चिडत नाही, उलट मोकळेपणाने बोलतो. घर १९७८ च्या आधीचं आणि रंगवलेल्या लाकडाचं असेल तर आणखी जपा, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

पैशांचं सांगते. झेलने आपण स्वतः पाठवलेले पैसे परत मिळणं फार अवघड. आम्हाला एक डॉलरही मिळाला नाही. क्रेडिट कार्डाने दिले असते तर बिल आल्यापासून साठ दिवसांत लेखी तक्रार करता आली असती. घराच्या विम्यानेही हात वर केले, कारण वाईट कारागिरीचं नुकसान त्यात बसत नाही. ड्रायवॉल, फळ्या आणि खिडकीची काच मिळून २,६०० डॉलर गेले. दारावर येऊन २५ डॉलर किंवा त्याहून जास्तीची विक्री केली तर ग्राहकाला विक्रीनंतरच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ती रद्द करता येते, असा केंद्रीय नियम आहे. विकणाऱ्याने ते सांगून रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायच्या असतात. त्यामुळे फॉर्म न देता "आजच, आत्ताच" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. विम्याचं प्रमाणपत्र त्याच्या हातून घेऊ नका, त्याच्या एजंटकडून थेट मागवा.

राज्याच्या ग्राहक खात्याकडे आणि पोलिसांत तक्रार केली आहे. भिजलेल्या फळीचे फोटो जोडले, झेलच्या पावत्या जोडल्या.

परवा समोरच्या काकांच्या दाराला तसंच पत्रक अडकवलेलं दिसलं. नाव वेगळं, भाव तोच, १४९. मी तशीच जाऊन बेल वाजवली. त्यांनी शनिवारी सकाळची वेळ देऊनही टाकली होती. मी त्यांना आमची खिडकी दाखवली आणि त्यांनी माझ्यासमोरच फोन करून ती रद्द केली.