स्कूबा ग्रुप ट्रिप आणि पाण्याखालची फोटोग्राफी: अख्ख्या सीझननंतरचा अनुभव

ऑलिंपसचा टीजी-६ कॅमेरा आणि त्याचं पीटी-०५९ हाउसिंग (पाणी आत न जाऊ देणारी कॅमेऱ्याची पेटी) ऑक्टोबर ते मे असा पूर्ण सीझन कर्नाटकातलं नेत्राणी बेट आणि मालवणच्या ग्रुप ट्रिपवर वापरलं. मत स्पष्ट आहे: फोटो कसे येणार हे कॅमेऱ्यापेक्षा बरोबर कोण उतरतंय यावर जास्त ठरतं.

सगळा ग्रुप एकत्र वर येतो, म्हणजे ज्याची हवा आधी संपते त्याच्यावर डाइव्हची वेळ ठरते. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) हवा असते आणि त्यातले ५० बार राखून ठेवायचे असतात. १५ मीटरवर दाब अडीचपट होतो, म्हणून श्वासाला हवाही अडीचपट लागते. पाण्याबाहेर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा नवखा तिथे ५० लिटर वापरतो, म्हणजे त्याची डाइव्ह जेमतेम ३३ मिनिटांची. शांत श्वास घेणाऱ्याला तेवढ्याच हवेत ५० मिनिटं सहज मिळतात. म्हणून पैसे भरण्याआधी विचारून घ्या: एका डाइव्हमास्टरमागे (ग्रुपला पाण्यात नेणाऱ्यामागे) किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर फोटोंची आशा सोडा. पहिल्यांदाच उतरणारे त्याच बोटीवर आहेत का? कॅमेरेवाल्यांची वेगळी जोडी लावता का? दोन कॅमेरेवाले एकमेकांचे बडी (पाण्यातले जोडीदार) असले तर उत्तम, एकाच खडकापाशी दहा मिनिटं थांबायला दोघांचीही ना नसते. फक्त दर दोन-तीन मिनिटांनी मान वर करून बडी कुठे आहे ते बघायचंच. फ्रेममध्ये डोकं घातलं की गेज (उरलेली हवा दाखवणारा काटा) बघायचं राहून जातं.

पाण्यात डाइव्हमास्टरच्या लगेच मागे राहा. शेवटी राहिलात तर पुढच्यांच्या फिन्सनी (पायातल्या वल्ह्यांनी) उडालेली माती तेवढी फोटोत येते. मालवणला किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात हा त्रास फार, तिथे वाइडचा (लांबून मोठं दृश्य टिपण्याचा) नाद नको, जवळचे फोटो घ्या. मुरुडेश्वरहून बोटीने नेत्राणीला गेलात तर डिसेंबर-जानेवारीत पाणी बरंच स्वच्छ मिळतं.

टीजी-६ चा मायक्रोस्कोप मोड एक सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो, पण इतकं जवळ गेलं की हाउसिंगचीच सावली पडते. दोन-तीन सेंटिमीटरचा नुडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाय) टिपताना झूम पूर्ण वाढवा, थोडं मागे राहा आणि टॉर्च बाजूने धरा. फ्लॅश लेन्सला लागून असल्याने गढूळ पाण्यात समोरचा प्रत्येक कण उजळतो आणि फोटोवर पांढरे ठिपके येतात. लाल रंग पहिल्या पाच मीटरमध्येच बराचसा जातो, म्हणून रॉ (रंग नंतर सुधारता येणारी फोटो फाइल) चालू ठेवा. आणि स्थिर राहण्यासाठी प्रवाळाला हात लावू नका. ते वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, आणि एका धक्क्यात कित्येक वर्षांची वाढ मोडते. बॉयन्सी (पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहणं) अंगवळणी पडलेली नसेल तर कॅमेरा बोटीवरच ठेवा.

काचेवर धुकं धरणं ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. बोटीवरच्या दमट हवेत हाउसिंग बंद केलं की ओलावा आत अडकतो, पाण्यात काच गार झाली की तिच्यावर जमतो. हाउसिंग एसी खोलीतच बंद करा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा, दोन डाइव्हच्या मध्ये उघडू नका. बॅटरी दोन्ही डाइव्हना पुरायला हवी, त्यासाठी कॅमेऱ्यावरची जीपीएस लॉगची खटकी बंद आहे ना ते बघा. ती चालू राहिली तर कॅमेरा बंद असतानाही बॅटरी उतरते.

ओ-रिंगला (हाउसिंगच्या झाकणाच्या रबरी कड्याला) ग्रीस फक्त चकाकी येण्यापुरतं लावा. जास्त झालं की वाळू आणि केस चिकटतात, आणि एका केसामुळेही पाणी आत येतं. आदल्या रात्री रिकामं हाउसिंग बादलीत बुडवून बुडबुडे येतात का बघा. बोटीवरून उडी मारताना कॅमेरा हातात नको, पाण्यात गेल्यावर वरून मागून घ्या. आणि मास्क-बूट बुचकळायच्या टबात हाउसिंग टाकू नका. दुसऱ्या बादलीत गोड्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि एकेक बटण दहा-बारा वेळा दाबा, नाहीतर आत मीठ सुकून बटणं अडकायला लागतात.