माल चढला की रांगणारा जुना इलेक्ट्रिक पॅलेट ट्रक: वापरानंतरचा अनुभव

लातूरला आमची डाळ मिल आहे. गेल्या दिवाळीत गोडाऊनसाठी २४ व्होल्टचा, दीड टनी पॅलेट ट्रक, म्हणजे पॅलेटवर (सपाट चौकटीवर) रचलेला माल उचलून नेणारी बॅटरीवरची गाडी, सेकंडहँड घेतला. ५० किलोचे २४ कट्टे एका खेपेत हलतात, हमालांच्या पाठीला आराम मिळाला. एवढ्यावरच मशीन मला पटलं.

उन्हाळा लागला तसा वेग पडला. रिकामं असताना नीट पळायचं, माल चढला की रांगायचं. बघायला आलेल्या प्रत्येकाचं म्हणणं एकच, कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा भाग) बदला. मला ते पटेना. रिकामं असतानाही हळू चालत असेल, तर कासवाचं (हळू चालवायचं) बटण, हँडलमधला स्विच किंवा अ‍ॅक्सिलरेटर बघावा. फक्त लोडवर दम तोडत असेल, तर आधी मीटर लावावा.

उभ्या गाडीला बॅटरीवर २५.४ व्होल्ट. भरलं पॅलेट घेऊन रॅम्प चढताना बॅटरीवर २४, आणि त्याच वेळी कंट्रोलरच्या टर्मिनलवर जेमतेम २१! मधले तीन व्होल्ट वाटेतच जात होते. व्होल्टेज एवढं पडलं की कंट्रोलर स्वतःहून करंट कमी करतो, त्याचं कामच ते. मेन केबलवरची टेप सोडली, तर लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडावर) हिरवी भुकटी, निम्म्या तारा तुटलेल्या, हात लावला तर चटका. नवा लग नीट क्रिंप करून (दाबून बसवून) घेतला आणि गाडी पुन्हा चढाला लागली.

दुसरं दुखणं बारदान्याचं. फोर्कखालच्या (माल उचलणाऱ्या पात्यांखालच्या) रोलरच्या दोन्ही बाजूंना सुतळी इतकी घट्ट गुंडाळली होती की ब्लेडनं कापून काढावी लागली. रोलर जड फिरला की मोटर जास्त करंट ओढते. आता दर आठवड्याला रोलर तपासतो. डाळ मिलवाल्यांनी तर हे करायलाच हवं.

बॅटरीत पाणी फक्त डिस्टिल्डच, तेही चार्जिंग झाल्यावर. बोअरचं तर नाहीच, आरओचंही नको, त्यातही क्षार उरतात. आमच्याकडच्या उन्हात पातळी झपाट्यानं उतरते.

संध्याकाळी वेग अजूनही थोडा पडतो. पूर्ण चार्जनंतर हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारं साधन) बाकीच्या सेलमध्ये १.२६० दाखवतो, एकात १.१८०, म्हणजे तो सेल कमजोर. नव्या तुरीची आवक सुरू व्हायच्या आत तो सेल बदलून घेणार आहे.