शब्दावर पैसे की वाचकावर? दोन्ही करून पाहिल्यावर

मी दोन्ही केलंय. २०१८ पासून साधारण पाच वर्षं शब्दाच्या दराने लेखांच्या जिलब्या पाडल्या, आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये स्वतःची छोटी मराठी साइट काढली, जिथे वाचक आले तरच जाहिरातींतून पैसे मिळतात. ती अजून चालू आहे. मधली अडीच-तीन वर्षं दोन्ही एकदम. घर ठाण्यात नौपाड्याला, नोकरी कोपरखैरण्याला, म्हणजे लिहायचं ते रात्रीची जेवणं झाल्यावर, नाहीतर शनिवार-रविवार. परवा आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "भाऊजी, लेख लिहून पैसे मिळतात म्हणे. कुठे सुरुवात करू?" पॅसेजमध्ये उभ्या उभ्या जे सांगितलं ते फारच त्रोटक झालं, म्हणून हे सविस्तर.

पैशाचं आधी उरकून घेऊ, कारण तिथे वाद नाही. सुरुवातीला शब्दाचं काम जिंकतं. मला पहिला दर शब्दाला ५० पैसे मिळाला, दोन वर्षांनी ८० पैसे. शनिवार-रविवारचे मिळून तीन लेख आणि आठवड्यात मधेच एखादा, असं धरलं तर महिन्याला चार-पाच हजार सुटायचे. साइटचं काय? पहिले १०० डॉलर जमायला मला १९ महिने लागले, आणि ॲडसेन्स, म्हणजे साइटवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणारी गूगलची सेवा, १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे सोडत नाही. आता बऱ्या महिन्यात अठराशे रुपये, पडेल महिन्यात सहाशे. त्यातून डोमेन आणि होस्टिंगचा खर्च वजा करा. मराठी पानांवरच्या जाहिरातींना इंग्रजीच्या मानाने भाव कमी, हे गृहीत धरूनच यात पडावं. घरभाडं किंवा मुलाची फी यातून भागवायची असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, शब्दाचं काम धरा.

तिसरी एक वाट असते: दुसऱ्याच्या मोठ्या साइटवर लिहायचं आणि वाचनांच्या हिशोबाने वाटा घ्यायचा. मी त्यात फार रमलो नाही. याहूने २०१० मध्ये असोसिएटेड कंटेंट नावाची अशीच मोठी साइट विकत घेतली, तिचं नाव बदललं आणि २०१४ मध्ये सगळा गाशा गुंडाळला. हजारो लोकांचे लेख तिथे होते. वाचनांवर अवलंबून राहायचंच असेल तर निदान दुकान आपलं असावं, एवढंच माझं म्हणणं.

आता शब्दाच्या कामातल्या वसुलीबद्दल. "पेमेंट प्रोसेसमध्ये आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आमच्या घरात त्याचा वाक्प्रचार झाला. चहाला उशीर झाला की मुलगा म्हणतो, चहा प्रोसेसमध्ये आहे. एका ठिकाणी चार महिन्यांचे पैसे अडकले आणि तिथल्या संपादकाने नोकरीच सोडली. पुढच्या माणसाला माझं नावही माहीत नव्हतं. तेव्हा एका ओळखीच्या सीएने सुचवलं की उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाक. ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, आणि एकट्याने लिहिणारा माणूसही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवू शकतो. मग २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, कायदा लागू होतो: लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. मी तक्रारीपर्यंत गेलो नाही. पुढच्या बिलावर उद्यमचा नंबर आणि ही ४५ दिवसांची ओळ तेवढी छापली. त्यानंतर उत्तरं जरा लवकर यायला लागली, असं मला तरी वाटलं.

टीडीएसचीही, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या आयकराची, एक गंमत. माझ्या वेळी एका कंपनीकडून वर्षाला ३०,००० च्या वर गेलं की १० टक्के कापायचे. एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा ५०,००० झाली. कापलेले पैसे रिटर्न भरून परत मिळवता येतात, त्यामुळे त्याचं दुःख नाही. पण कापले आणि भरलेच नाहीत, असंही होतं. एका वर्षी माझ्या २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या तक्त्यात, एक आख्खी तिमाही गायब होती. तेव्हा दर तिमाहीला डोकावून बघा. जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, आणि या धंद्यात तिच्या चिंतेने कुणाची झोप उडालेली मी पाहिलेली नाही.

पण मी शब्दाचं काम सोडलं ते वसुलीमुळे नाही. कारण सांगितलं तर क्षुल्लक वाटेल.

एक वाक्यांश घ्या: "तलावपाळीसमोरच्या दुकानांमधूनसुद्धा." मराठीत हे दोन शब्द झाले. हिंदीत "तलावपाली के सामने वाली दुकानों में से भी", म्हणजे आठ. मजकूर तोच, विचार करायला लागलेला वेळ तोच, आणि ५० पैशांच्या दराने मला एक रुपया, हिंदीवाल्याला चार. आपली भाषा विभक्ती, शब्दयोगी अव्ययं, 'च' आणि 'ही' सगळं शब्दालाच चिकटवते, आणि शब्द मोजणारं यंत्र दोन मोकळ्या जागांमधलं जे काही असेल त्याला एक शब्द मानतं. सुरुवातीला माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. एकदा एकाच इंग्रजी मजकुरावरून मी मराठी आणि आमच्या लिहिणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या एकाने हिंदी लेख केला. मूळ इंग्रजी हजार शब्दांचं. त्याचे भरले ११५० च्या आसपास, माझे ७९०. त्याला ५७५ रुपये, मला ३९५. हा एकाच लेखाचा हिशोब, कबूल. पण नंतर जेव्हा जेव्हा ताडून पाहिलं तेव्हा फरक साधारण याच घरात निघाला. संपादकाला सांगितलं तर म्हणाला, "सर, दर सगळ्या भाषांना सेम आहे." त्याच्या दृष्टीने त्यात अन्याय काहीच नव्हता.

त्याहून वाईट म्हणजे याचा माझ्या लिहिण्यावर झालेला परिणाम. आधी "घरासमोर"चं "घराच्या समोर" झालं. ते चालतं, व्याकरणात बसतं. मग "पावसात"चं "पावसाळ्याच्या दिवसांमध्ये" झालं. मग "करतात"चं "करण्यात येत असते". ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या सूचनेत, ८०० शब्द मागितलेले असायचे आणि मजकूर सहाशेतच संपलेला असायचा, मग उरलेले दोनशे असेच फुगवून काढायचे. आणि एका रात्री, डेडलाइनला तासभर उरलेला असताना, मी सरळ शब्दच तोडले. "केसां साठी", "पावसाळ्या मध्ये", "डॉक्टरां कडून". आकडा झरझर वर गेला. लेख पास झाला, पैसेही आले.

आई निवृत्त शिक्षिका, पस्तीस वर्षं मराठी शिकवलेली. माझ्या नावाने लेख छापून येत नसत, पण तो मी तिला मोठ्या कौतुकाने पाठवला होता. दुपारी चष्मा लावून, फोन नाकाशी धरून तिने तो पूर्ण वाचला. मग म्हणाली, "तुझ्या फोनचा कीबोर्ड बिघडलाय का रे?"

मी हो म्हणालो.

दर वाढवून मिळाला असता तर कदाचित मी तरीही चालू ठेवलं असतं, ते नाकबूल करत नाही. पण त्यानंतर शब्द मोजायची खिडकी उघडली की कसंनुसं व्हायचं.

आता साइटचं. तिथे मी बरंचसं ठाणे आणि खाडीपलीकडच्या नवी मुंबईबद्दल लिहितो: येऊरला पावसात कुठवर जावं, गडकरी रंगायतनला प्रयोगाला जाताना गाडी कुठे लावावी, असली चिल्लर माहिती. डिसेंबर २०२१ मध्ये मी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोटीने कसं जायचं यावर लिहिलं. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे "सकाळी किती वाजता" याला रोजचं एक ठरलेलं उत्तर नाही. ही एक गोष्ट लोकांना नीट समजावून सांगावी लागते. भरतीचं वेळापत्रक कसं वाचायचं, तिथे पोचायला किती वेळ हाताशी ठेवायचा, उन्हाचं काय करायचं, एवढंच त्यात आहे. पुढच्याच वर्षी ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आली, तेव्हा दोन ओळी वाढवल्या. लेख आहे ६४० शब्दांचा. शब्दाच्या दराने त्याचे मला ३२० रुपये मिळाले असते आणि विषय संपला असता. इथे दर हिवाळ्यात पक्षी आले की वाचक येतात, मे महिन्यापर्यंत टिकतात, आणि त्या एका पानाने आजवर साडेचार हजारांच्या आसपास दिलेत. माझे सगळे लेख असे चालत नाहीत. दहातले आठ पडून असतात. पण जो चालतो त्याला वाक्य आखूड आहे की लांब याचं देणंघेणं नसतं, उलट आखूडच बरं असतं.

मालकीचंही तेच. शब्दाच्या कामात नाव येत नाही आणि हक्क लिहून द्यावे लागतात. इथे एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच दिले असं धरलं जातं. अर्थात बहुतेक करारांत "कायमस्वरूपी, जगभरासाठी" असं आधीच छापलेलं असतं. पण न वाचता सही करू नका. माझे पाच वर्षांतले शेकडो लेख कुठे आहेत, कुणाच्या नावाने आहेत, मला सांगता येणार नाही.

साइटचे त्रास लपवत नाही. ॲडसेन्समध्ये १० डॉलर जमले की पत्ता पडताळायला पिन टपालाने येतो. आमच्याकडे तो बी विंगमधल्या एका बंद फ्लॅटच्या पेटीत जाऊन पडला आणि दुसऱ्यांदा मागवावा लागला, दोन महिने त्यात गेले. पैसे महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या सुमारास निघतात, परदेशातून येतात, आणि पहिल्या वेळी बँकेने हे कशाचे म्हणून विचारलं होतं. मुख्य म्हणजे, हल्ली शोधाच्या पानावरच यंत्राने तयार केलेलं उत्तर दिसतं, त्यामुळे "अमुक कसं करावं" छापाच्या माझ्या पानांवर येणारे लोक कमी झालेत. फ्लेमिंगोच्या पानावर अजून येतात, कारण मी स्वतः त्या बोटीत भिजलोय हे वाचणाऱ्याला कळतं, असा माझा समज आहे. चुकीचाही असेल.

शब्दाच्या कामाला मात्र त्याहून मोठा फटका बसलाय. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि सहा-आठ महिन्यांत मला येणारं काम "लिहा"वरून "हे जरा नीट करून द्या"वर आलं, दर निम्मा. यंत्राचं मराठी नीट करणं हे नव्याने लिहिण्यापेक्षा किचकट आहे, कारण त्यात एकही वाक्य धड चुकीचं नसतं आणि एकही बरोबर वाटत नाही. वर माझाच हाताने लिहिलेला एक लेख यंत्राने लिहिलाय म्हणून परत आला होता.

वहिनींना मी शेवटी काय सांगितलं? त्या नाशिककडच्या, आणि पाटवड्यांपासून मांड्यांपर्यंत सगळं त्यांच्या हातात आहे. मी म्हटलं, साइट आजच काढा, महिन्याला चारच लेख टाका आणि दोन वर्षं त्यातल्या पैशांकडे बघू नका. तोवर हातखर्चाला शब्दाचं काम घ्यायचं तर खुशाल घ्या, फक्त पहिल्याच मेलमध्ये दोन गोष्टी विचारा. भाषांतर असेल तर दर मूळ इंग्रजी शब्दांवर लावा म्हणावं, अनुवादाच्या कामात ती रीत आहे. आणि स्वतंत्र लेख असेल तर लेखामागे ठोक रक्कम मागा. मी हे फार उशिरा विचारायला शिकलो. तिघांना विचारलं, दोघांनी उत्तर दिलं नाही, तिसऱ्याने एका ओळीत "ओके" लिहिलं. त्याच्यासाठी पुढे वर्षभर मी "घरासमोर" एकच शब्द म्हणून लिहीत होतो.